तीन डॉक्टर, तीन सल्ले: बाबांच्या दातांसाठी कोणावर विश्वास ठेवायचा?

प्रश्न डोंबिवलीहून एका मुलाचा आहे. बाबा ६८ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, राजापूर तालुक्यात गावी असतात. मधुमेह आहे. खाली उजवीकडच्या तिन्ही दाढा गेल्या आहेत, डावीकडे मधली एक दाढ नाही, आणि वरच्या पुढच्या दोन दातांच्या कॅप सारख्या निघतात. डोंबिवलीत सहा इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) सांगितले, रत्नागिरीत ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारावर जोडलेला दात) सांगितला, गावाजवळच्या डॉक्टरांनी सगळे दात काढून कवळी बसवा म्हटलं. "तिघांपैकी खरं कोण बोलतंय? आणि इम्प्लांटचा भरवशाचा तज्ज्ञ कोकणात मिळतो, की मुंबईलाच करावं?"

दादा, मी प्रोस्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे कॅप, ब्रिज, कवळी, इम्प्लांटवरचे दात हेच माझं रोजचं काम. गेली बावीस-तेवीस वर्षं चिपळूणला दवाखाना आहे, आणि आठवड्यातले दोन दिवस मी आसपासच्या गावांतल्या दुसऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन काम करते. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी पाहिल्यात.

तिघांनी तीन उपाय सांगितले म्हणून दोघं फसवतायत असं समजू नका. गेलेल्या दाताला बहुतेक वेळा दोन-तीन बरोबर उपाय असतात. फरक पडतो तो उपाय सांगण्याआधी काय पाहिलं यावर. म्हणून बाबांना एवढंच विचारा: तिघांपैकी कोणी हिरडीत बारीक पट्टी घालून प्रत्येक दाताभोवतीची खोली मोजली? कोणी एक्स-रे काढला? साखरेचा शेवटचा रिपोर्ट कोणी मागितला? गोळ्यांची पिशवी कोणी उघडून बघितली? ज्याने यातलं काही न करता पाच मिनिटांत आकडा सांगितला, त्याचा सल्ला योगायोगाने बरोबर निघाला तरी मी त्या खुर्चीत माझ्या वडिलांना बसवणार नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून एक गोष्ट मात्र आत्ताच सांगता येते. उजवीकडे तिन्ही दाढा गेल्यात, तर तिथे साधा ब्रिज होत नाही. ब्रिजला साकवासारखे दोन्ही काठांना खांब लागतात, आणि इथे मागचा खांबच नाही. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी ब्रिज बहुधा डावीकडच्या एका दाढेसाठी सांगितला असेल आणि घरी येईपर्यंत निरोपात गडबड झाली असेल. असं फार होतं. म्हणून सल्ला तोंडी घेऊ नका. कुठला दात, काय करायचं, का करायचं, हे कागदावर लिहून मागा. दातांना क्रमांक असतात, डॉक्टरांना ते लिहायला दोन मिनिटं लागतात. लिहून द्यायला जो कुरकुरतो, त्याच्याबद्दल तुम्हाला तिथेच पुष्कळ कळेल.

आता पाटीवरच्या पदव्या. बीडीएस म्हणजे दंतवैद्यकाची मूळ पदवी, चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यावर तीन वर्षांचं एमडीएस, त्याच्या नऊ शाखा. कॅप-ब्रिज-कवळीचा तज्ज्ञ प्रोस्थोडॉन्टिस्ट, रूट कॅनाल आणि दात वाचवण्याचा एंडोडॉन्टिस्ट, हिरड्यांचा पेरिओडॉन्टिस्ट, जबड्याच्या शस्त्रक्रियेचा ओरल सर्जन. इम्प्लांटची वेगळी एमडीएस शाखा आपल्याकडे नाही. प्रोस्थो, पेरिओ आणि सर्जन हे तिघंही ते शिकतात, आणि पुढे प्रशिक्षण घेऊन उत्तम इम्प्लांट बसवणारे बीडीएस डॉक्टरही मी जवळून पाहिलेत. तेव्हा पाटीवर नुसतं 'इम्प्लांटॉलॉजिस्ट' दिसलं तर मूळ पदवी कोणती आणि प्रशिक्षण कुठे, किती दिवसांचं, हे विचारा. शनिवार-रविवारच्या एका कार्यशाळेचं प्रमाणपत्रही भिंतीवर तेवढ्याच सोनेरी चौकटीत लागतं. राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक प्रत्येक डॉक्टरकडे असतोच, तो विचारण्यात संकोच बाळगू नका.

आठवडी बाजारात किंवा एसटी स्टँडजवळ बसून अर्ध्या तासात 'फिक्स दात' लावून देणाऱ्यांबद्दल खरं तर तुम्ही विचारलेलं नाही, पण गावी अजून लोक जातात म्हणून लिहिते. ते शेजारच्या चांगल्या दातांना तार गुंडाळून त्यावर प्लास्टिकचा लगदा थापतात. तो हिरडीवरच घट्ट होतो, खाली घाण साचते, आणि दोन-तीन वर्षांत तारेने धरलेले चांगले दातही हलायला लागतात. वरच्या कवळीला रबराची चकती लावणारेही आहेत. त्या चकतीने टाळूला भोक पडून पेज नाकातून यायला लागलेले रुग्ण दंतवैद्यांनी पाहिलेत. बाबांना कोणी 'पाचशेत काम होईल' सांगितलं तर कृपा करून अडवा.

कोकणात भरवशाचा तज्ज्ञ शोधायचा तर इथली पद्धत समजून घ्यायला हवी. आपल्याकडे बहुतेक गावांत दवाखाना असतो साध्या बीडीएस डॉक्टरांचा, आणि अवघड कामाला ठरलेल्या दिवशी बाहेरून तज्ज्ञ येतो. कोल्हापूरहून येतो, बेळगाव-गोव्याहून येतो, उत्तरेकडे मुंबई-पनवेलहून. याला व्हिजिटिंग म्हणतात. पद्धत चांगली आहे, मी स्वतः त्यातच काम करते. पण रुग्णाला बऱ्याचदा हातात ड्रिल धरणाऱ्याचं नावसुद्धा ठाऊक नसतं. 'सर येणार आहेत रविवारी' एवढंच सांगितलेलं असतं. म्हणून आधी विचारा: सर कोण, कुठल्या शाखेचे, या दवाखान्यात किती वर्षं येतायत? इम्प्लांट बसवणारा आणि त्यावर दात बसवणारा एकच आहे, की दोघं? दोघं असतील तर दोघांनी मिळून एक्स-रे पाहिलाय का? मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न. सर निघून गेल्यावर मंगळवारी रात्री गाल सुजला तर फोन कोणाला करायचा आणि तो उचलणार कोण? ज्या दवाखान्यात स्थानिक डॉक्टर स्वतःचा नंबर देऊन 'मला करा' म्हणतात, तो दवाखाना छोटा असला तरी धरून ठेवा.

हे मी इतकं का ताणतेय, ते एका उदाहरणावरून सांगते. गुहागरकडचे एक काका जुलै महिन्यात माझ्याकडे आले. खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट, मोठ्या शहरात केलेलं. दात बोटाने गोल फिरत होता. एक्स-रे काढला तर हाड उत्तम. हाडात बसलेला स्क्रू पक्का होता, वरचा दात ज्या लहान स्क्रूने धरलेला असतो तो ढिला झाला होता. तसं हे दहा मिनिटांचं काम. पण प्रत्येक कंपनीच्या स्क्रूचं डोकं वेगळं. कुठे षटकोन, कुठे चौकोन, कुठे चांदणीसारखं, आणि त्या मापाची किल्ली असल्याशिवाय तो फिरत नाही. माझ्याजवळच्या चारही किल्ल्या लावून पाहिल्या, एकही बसेना. कागद मागितला तर काका म्हणाले, "कागद कसला? बिलसुद्धा नाही." जिथे केलं तो दवाखाना बंद झालेला. एक्स-रेचा फोटो ओळखीच्या डॉक्टरांना आणि कंपन्यांच्या माणसांना पाठवत बसले. सातव्या-आठव्या दिवशी कोणीतरी आकारावरून ओळखलं, किल्ली कुरियरने मागवली, तीही पावसाने रस्ता अडल्यामुळे दोन दिवस उशिरा आली. तोवर काका उजव्या बाजूने पेजेवर होते.

इम्प्लांटच्या डबीवर एक चिकटपट्टी असते. तिच्यावर कंपनी, व्यास, लांबी, बॅच क्रमांक छापलेला असतो. ती सोलून रुग्णाच्या कार्डावर लावायची असते. ते कार्ड मागा, फोनवर त्याचा फोटो काढा आणि मुंबईला स्वतःकडेही ठेवा. 'आमच्याकडे सगळी नोंद आहे' या उत्तरावर थांबू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी माझ्या दवाखान्यात शिरलं, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या फायली, दातांचे प्लास्टरचे साचे, कॉम्प्युटर, सगळं चिखलात गेलं. नंतर कित्येक महिने रुग्ण येत राहिले आणि ज्यांच्या घरी माळ्यावर कार्ड जपलेलं होतं त्यांचंच काम मला सरळ करता आलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला नोंदीची दुसरी प्रत हातात देते.

कंपनी कुठली, यावर लोक फार विचारतात. माझं मत असं की ज्या कंपनीची बरीच वर्षं विक्री चालू आहे आणि जिचे सुटे भाग कोल्हापूर-पुण्यात सहज मिळतात, ती घ्यावी. परदेशी सर्वांत महागच हवी असं अजिबात नाही. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी ओळखलं आणि १९६५ साली पहिल्या माणसाला असे दात बसवले. त्या माणसाला ते पुढे चाळीस वर्षं पुरले. आजही नीट निवडलेल्या रुग्णात दहा वर्षांनी शंभरातले नव्वदाहून जास्त इम्प्लांट जागेवर असतात. यातले 'नीट निवडलेल्या' हे शब्द विसरू नका, कारण बाबांचा मुद्दा तिथेच आहे.

बाबांना मधुमेह आहे म्हणजे इम्प्लांट होणारच नाही असं नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, बघायची. ती ८ च्या वर असेल तर मी शस्त्रक्रिया पुढे ढकलते, आधी फिजिशियनकडे पाठवते. जखम भरायला आणि हाड धरायला साखर ताब्यात लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कोणाच्या सांगण्यावरून घरच्या घरी बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. हाडं ठिसूळ होण्यावर वर्षा-सहा महिन्यांनी एखादं इंजेक्शन घेत असतील तर ते आवर्जून सांगा. लोकांना वाटतं कंबरेच्या इंजेक्शनाचा दाताशी काय संबंध. पण त्यातल्या काही औषधांनी दात काढल्यावर किंवा इम्प्लांटनंतर जबड्याचं हाड भरून यायचं थांबतं आणि उघडं पडतं.

मग तंबाखू, मशेरी आणि सुपारी. सुपारी आपल्या वाडीतली, घरची, म्हणून ती कोणी व्यसनात धरतच नाही. वर्षानुवर्षं सुपारी चघळून गाल आतून पांढरे आणि ताठ होतात, तोंड पुरतं उघडत नाही. बाबांना आरशासमोर स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालून बघायला सांगा. जात नसतील तर मागच्या दाढेपाशी ड्रिल पोचणंच अवघड, आणि इम्प्लांटच्या आधी तोंडाची तपासणी करून घेणं जास्त तातडीचं, कारण त्या गालात पुढे कर्करोगाची भीती असते. तुम्हाला ज्याने सहा इम्प्लांट सांगितले त्याने तंबाखू-सुपारीचं विचारलं होतं का?

आता त्या निघणाऱ्या कॅप. यात माझीच एक चूक सांगते. दवाखाना सुरू केला त्या सुरुवातीच्या वर्षांत दाभोळच्या एक मावशी आल्या होत्या, मासळी विकायच्या. वरचा पुढचा दात हिरडीलगत तुटलेला. रूट कॅनाल करून मुळात पिन बसवली, त्यावर कॅप. रंग इतका जुळला की मीच खूश झाले. दोन वर्षांनी मावशी काडेपेटी घेऊन आल्या. काडेपेटीत कापसावर कॅप, आणि कॅपच्या पोटात पिनेसकट दाताचा तुकडा. मूळ उभं चिरलेलं होतं, दात काढावाच लागला. कॅप कितीही भारी असली तरी ती ज्याला धरून राहते तो हिरडीच्या वर चहूबाजूंनी निदान दीडेक-दोन मिलिमीटर उरलेला निरोगी दात. तो मावशींकडे नव्हताच. हा दात कॅप पेलणार नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, आणि तयार करून द्यायच्या उत्साहात मी ते सांगितलं नाही. पैसे मी परत केले. पण त्यांचं मूळ वाचवायची किंवा त्या हाडाचा वेळेवर उपयोग करायची संधी गेली ती गेलीच.

म्हणून बाबांच्या निघालेल्या कॅपच्या आत बघा. आत नुसतं सिमेंट दिसत असेल तर दात बहुधा शाबूत आहे, कॅप सैल आहे किंवा चावताना चुकीच्या जागी भार येतोय. पिवळट-तपकिरी दाताचा तुकडा अडकलेला असेल तर दातच तुटलाय, आणि तीच कॅप परत चिकटवून किंवा नवी घालून काही दिवसच जातील. कॅप झिरकोनियाची की मेटल-सिरॅमिकची, पंधरा वर्षांची वॉरंटी की दहा, हे सगळं त्यानंतर. ती वॉरंटी कॅप फुटली तर नवी देण्याची असते. खालचा दात किडला किंवा चिरला तर त्या कार्डाला काही अर्थ उरत नाही. चांगला डॉक्टर जुनी कॅप काढून दात सुकवून तुम्हाला आरशात दाखवतो, कीड पूर्ण काढतो, गरज पडल्यास रूट कॅनाल झालेल्या दाताचा नवा एक्स-रे काढतो, आणि मगच कॅपचं बोलतो. रूट कॅनाल झालेल्या प्रत्येक दाताला कॅप लागतेच असंही नाही. दाढेला बहुतेक वेळा लागते, पण पुढच्या दाताचा थोडासाच भाग गेला असेल तर नुसतं भरूनही चालतं. हे आपणहून सांगणारा डॉक्टर सापडला तर त्याच्याकडे निश्चिंत जा.

सगळे दात काढून कवळी? बाकीचे दात हलत नसतील आणि एक्स-रेत त्यांच्याभोवतीचं हाड ठीक असेल तर तसं करू देऊ नका. खालची पूर्ण कवळी सांभाळणं फार कठीण, ती जिभेने उचलली जाते. पायोरियाने, म्हणजे हिरड्यांच्या रोगाने, खरंच सगळे दात जायला आलेत असं दोन डॉक्टरांनी मोजून सांगितलं तर तेव्हाही खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट घालून त्यांना बटणासारखी अडकणारी कवळी करता येते. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी हीच पहिली निवड मानावी असं म्हटलं होतं. सहा-आठ इम्प्लांटांपेक्षा तो खर्च पुष्कळ कमी असतो.

माझा अंदाज असा, आणि बाबांना न तपासता तो अंदाजच: डावीकडे दोन्ही बाजूंच्या दाढांवर आधीच मोठं सिमेंट किंवा कॅप असेल तर ब्रिज, त्या कोऱ्या असतील तर त्या न कोरता एक इम्प्लांट. उजवीकडे दोन इम्प्लांट, नाहीतर काढता-घालता येणारी धातूची अर्धी कवळी. आणि उजवीकडच्या लहान दाढा वरच्यांशी नीट जुळत असतील, बाबांना भाकरी-मासळी खाताना अडत नसेल, तर उजवीकडे सध्या काहीच न करणं हाही एक बरोबर उपाय आहे. गेलेल्या दाढा चारच, त्यामुळे सहा इम्प्लांटांचा हिशोब मला तुमच्या वर्णनात बसत नाही. सहा कोणकोणत्या जागी, हे त्यांना लिहून मागा. खालच्या दाढांना इम्प्लांट करायचा असेल तर सीबीसीटी हा स्कॅन मी अनिवार्य धरते, कारण तिथे ओठाला संवेदना देणारी शीर हाडातून जाते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहतो.

मुंबई की कोकण, याचं माझं उत्तर बाबा वर्षातले अकरा महिने कुठे असतात यावर आहे. खालच्या जबड्यात हाड धरायला साधारण तीन महिने, वरच्यात चार ते सहा. त्यात चार-पाच खेपा, आणि पुढे दर सहा महिन्यांनी सफाई आणि स्क्रू तपासणी, कायमची. ६८ वर्षांच्या मधुमेही माणसाने दर खेपेला तुतारी एक्सप्रेसने रात्र काढून मुंबई गाठावी, हे पहिल्या दोन खेपांना होतं, नंतर 'राहू दे, बरं चाललंय' सुरू होतं. इम्प्लांट बसवणं चुकलं म्हणून वाया गेलेले मी थोडे पाहिलेत. हिरडीची निगा सुटली म्हणून आजूबाजूचं हाड खाल्लं गेलेले त्याहून जास्त. म्हणून राजापूर-रत्नागिरी-लांज्याच्या टापूत, एसटीने दोन तासांत पोचता येईल अशा डॉक्टरकडे करा. दुसरं मत हवं तर एकदा दंत महाविद्यालयात दाखवा. आपल्या जिल्ह्यात खेडला आहे. सरकारी हवं तर मुंबईत सीएसएमटीजवळ आहे, महापालिकेचं नायरचं मुंबई सेंट्रलला, आणि सिंधुदुर्गकडच्यांना गोव्यात बांबोळी जवळ पडतं. तिथे विद्यार्थी काम करतात म्हणून लोक कचरतात, पण प्रत्येक टप्पा शिक्षक तपासतात. वेळ लागतो, पैसे पुष्कळ वाचतात.

खर्चाचा कागद घेताना स्कॅन, इम्प्लांट, त्यावरचा जोड, कॅप, आणि लागलं तर हाड भरणं, असं वेगवेगळं लिहून घ्या. 'एका दाताचे इतके' असं एकच मोघम लिहिलं तर जोड आणि कॅप त्यात धरलेत का, हे विचारा. वाद तिथेच होतात. आरोग्य विम्यात अपघात सोडला तर दातांचं काम सहसा बसत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका.

तुम्ही गणपतीला गावी जाल तेव्हा डॉक्टरांची वेळ आधीच ठरवून ठेवा. सणात सगळे चाकरमानी एकदम येतात, दवाखाने भरलेले असतात आणि तज्ज्ञही सुट्टीवर असतात. घाईत दात कोरून घेऊन परत जायचं आणि कॅप पुढच्या शिमग्याला, असं करू नका. कोरलेला दात तात्पुरत्या कॅपवर महिनोन्महिने राहिला तर आत किडतो. बरोबर साखरेचा ताजा रिपोर्ट, गोळ्यांची पूर्ण पिशवी, जुने एक्स-रे असतील तर ते, आणि निघालेल्या दोन्ही कॅप एका डबीत घालून घेऊन जा. तोवर बाबांना सांगा, त्या कॅप फेविक्विकने चिकटवू नका. तो गोंद दाताला आणि हिरडीला भाजतो, आणि वाकडी बसलेली कॅप काढताना उरलेला दातही माझ्या हातात येतो.